नवा जोडलेला पीसी: पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या कॉम्प्युटरबद्दल माझ्याकडे सारखी येणारी तक्रार एकच. बटण दाबलं, पंखे फिरले, आतले रंगीत दिवे लागले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘बोर्ड (मदरबोर्ड) गेला का?’ नव्या मशिनच्या बाबतीत याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. खरं नुकसान त्यानंतरच्या तासाभरात होतं. घाबरून रॅम ओढून काढली जाते, कूलर उचकटला जातो, प्रोसेसर सॉकेटबाहेर येतो, कुणीतरी भलत्याच एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) केबल लावून बघतं, आणि मूळ दोष एका सैल कनेक्टरचा असताना सॉकेटच्या पिना वाकून बसतात. लोकांनी महिनोन्महिने पैसे साठवून हे भाग घेतलेले असतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं सांगणं असं, की काहीही काढण्याआधी मशिन कुठल्या टप्प्यावर अडलंय ते ओळखा. बटण दाबल्यापासून विंडोज येईपर्यंतचा क्रम ठरलेला असतो आणि तो क्रम डोक्यात असला की निम्मी शोधाशोध वाचते.

भिंतीवरचा स्विच चालू केला की बटण दाबायच्या आधीच एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देऊ लागतो. आपण बटण दाबतो तेव्हा बोर्ड २४ पिनी कनेक्टरमधली ‘पीएस-ऑन’ ही तार ग्राउंडला जोडतो. एसएमपीएस मग १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सुरू करतो आणि सगळं स्थिर झालं की १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘पॉवर गुड’चा इशारा पाठवतो. तो मिळाल्यावरच प्रोसेसर जागा होतो. पुढे बायॉसचं, म्हणजे बोर्डातच साठवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामचं काम: आधी प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक्स, शेवटी एसएसडी किंवा हार्ड डिस्क.

पंख्यांना १२ व्होल्ट मिळाले की ते फिरतात. त्यासाठी प्रोसेसर चालू असावा लागत नाही, किंबहुना नसला तरी अनेक बोर्डांवर ते फिरतात. तेव्हा पंखे फिरताहेत याचा अर्थ एसएमपीएस उठला, इतकाच. ‘पंखे फिरतात म्हणजे बोर्ड ठीक आहे’ हे जसं चूक, तसंच ‘पंखे फिरूनही डिस्प्ले नाही म्हणजे प्रोसेसर गेला’ हेही चूक.

मशिन कुठे अडलं हे बोर्डच सांगतो. आजच्या बहुतेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क) असं लिहिलेलं असतं. एमएसआय त्यांना ‘ईझेड डीबग एलईडी’ म्हणते, आसुस ‘क्यू-एलईडी’. मशिन सुरू होताना हे दिवे एकामागून एक लागून विझतात. जो लागून तसाच राहतो, तिथे गाडी अडली. कॅबिनेटचं झाकण काढा, खोलीतला दिवा मालवा आणि बटण दाबून हे चार दिवे बघा. कुणालाही मदत मागताना ‘डिस्प्ले येत नाही’ एवढंच सांगू नका, ‘डीरॅमचा दिवा लागून राहतो’ असं सांगा. फोनवरसुद्धा उत्तर मिळतं. स्वस्त बोर्डावर हे दिवे नसतील तर ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिनांवर लावायचा चिमुकला बझर घ्या. किरकोळ किमतीत मिळतो. त्याच्या बीपचे अर्थ बायॉसप्रमाणे बदलतात, ते मॅन्युअलमधून बघायचे.

आता एकेक लक्षण घेऊ.

काहीच हालचाल नाही

एसएमपीएसच्या मागचा ‘I’ आणि ‘O’ लिहिलेला स्विच ‘I’ कडे, म्हणजे चालू, आहे का, आणि तीन पिनी प्लग एक्स्टेन्शन बोर्डात सैल तर नाही ना, हे आधी. जुन्या किंवा अगदी स्वस्त एसएमपीएसवर लाल रंगाचा ११५/२३० असा आणखी एक स्विच असतो. तो आपल्याकडे २३० वरच हवा. ११५ वर ठेवून लाइट दिली तर एसएमपीएस जळतो.

मग दोन कनेक्टर. २४ पिनी मोठा कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येऊन खटका बसेपर्यंत दाबावा लागतो, आणि त्याला अपेक्षेपेक्षा बराच जोर लागतो. दुसरा, प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातला ८ पिनी. हा राहून जाण्याचं प्रमाण मोठं आहे, कारण कॅबिनेटमध्ये बोर्ड बसल्यावर तिथे बोटं पोचत नाहीत आणि केबल मागच्या बाजूने आणावी लागते. इथे आणखी एक घोळ होतो: ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनी कनेक्टर दिसायला तसाच असतो. ओळख सोपी आहे. प्रोसेसरचा कनेक्टर चार अधिक चार असा दुभंगतो, कार्डाचा सहा अधिक दोन असा. त्यांच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नका.

याच संदर्भात एक कळकळीची विनंती. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबल लावायच्या, एसएमपीएसची केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका, एकाच कंपनीचं वेगळं मॉडेल असलं तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला कुठल्या पिनेवर किती व्होल्ट हे कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही, बदलतं. कनेक्टर अगदी सहज बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन हार्ड डिस्क, एसएसडी क्षणात जळतात.

कनेक्टर ठीक असतील तर समोरच्या बटणाच्या तारा तपासा. बोर्डाच्या खालच्या कडेला, बहुधा उजव्या कोपऱ्यात, बारीक पिनांचा गठ्ठा असतो. त्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिना मॅन्युअलमध्ये शोधा, कॅबिनेटच्या तारा काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. मशिन सुरू झालं तर बोर्ड चांगला आहे, बटण किंवा त्याची तार खराब आहे. स्विचच्या तारा उलटसुलट लागल्या तरी फरक पडत नाही. उलटसुलट चालत नाहीत त्या एलईडीच्या.

तरीही थंडच असेल तर एसएमपीएस वेगळा तपासता येतो. त्याची एकही केबल बोर्डाला, कार्डाला किंवा डिस्कला जोडलेली नको. स्विच बंद ठेवून २४ पिनी कनेक्टरमधली पीएस-ऑनची पिन वाकवलेल्या पेपर क्लिपने शेजारच्या ग्राउंडच्या (काळ्या तारेच्या) पिनेशी जोडा. तारा रंगीत असतील तर ही पिन हिरव्या तारेची. सगळ्याच काळ्या असतील तर खटका असलेल्या बाजूच्या ओळीत टोकापासून मोजत मॅन्युअलमधल्या आकृतीवरून सोळावी पिन शोधा. मग स्विच चालू करा. हलक्या भाराला पंखा बंद ठेवणारे एसएमपीएस असतात, म्हणून कॅबिनेटचा एखादा पंखा जोडून बघितलेलं बरं. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस उठतो हे कळलं. भार पेलतो की नाही हे यातून कळत नाही. आणि एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही विजेने भरलेले राहतात.

एक वेगळं लक्षण इथेच सांगतो: पंखे अर्धी फेरी घेतात आणि लगेच सगळं बंद होतं. हे शॉर्टसर्किटचं लक्षण आहे, एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. बोर्डाखाली जिथे स्क्रूचं भोक नाही तिथे बोर्डाला आधार देणारा पितळेचा स्टँडऑफ राहिला असेल, एखादा स्क्रू घरंगळून मागे गेला असेल, किंवा मागच्या आय-ओ पट्टीची पत्र्याची जीभ यूएसबी पोर्टमध्ये शिरली असेल. बोर्ड बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघा. बोर्डाबरोबर येणाऱ्या चंदेरी पिशवीवर ठेवू नका, ती बाहेरून वीजवाहक असू शकते. खोक्यावर चाललं आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणीत आहे.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

मुख्य दुखणं हेच. उदाहरणासाठी सध्या खूप जण जोडतात तसा एक सेट धरू: रायझन ५ ७६००, बी६५० चा बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॅटचा एसएमपीएस.

पहिला उपाय म्हणजे थांबा. खरंच थांबा. या रायझनचं एएम५ सॉकेट २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आलं आणि त्याबरोबर डीडीआर५ सक्तीची झाली. या रॅमचा वेग इतका आहे की प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या प्रत्येक तारेवरचा संकेत नेमका कधी वाचायचा हे आधी जुळवून घ्यावं लागतं. रायझनमध्ये मुख्य कोअर जागे होण्याआधीच आतला एक छोटा सुरक्षा-प्रोसेसर हे काम करतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पहिल्यांदा सुरू करताना यात काही मिनिटं जातात. रॅम जितकी जास्त, स्टिक जितक्या जास्त, तितका वेळ जास्त. त्या वेळात पडदा काळा, डीरॅमचा दिवा लागलेला, पंखे फिरताहेत, आणि मधेच मशिन स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरूही होतं. बघणाऱ्याला वाटतं बिघडलं. तो बटण दाबून बंद करतो, ट्रेनिंग अर्धवट राहतं, आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होतं. काही जण यातच संध्याकाळ घालवतात. बटण दाबा आणि निदान पंधरा मिनिटं मशिनला हात लावू नका. बायॉसची सेटिंग पुसल्यावर, रॅम बदलल्यावर, बायॉस अपडेट केल्यावर हाच प्रकार पुन्हा होतो, तेव्हाही थांबायचं.

थांबून झाल्यावर मॉनिटरची केबल. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआय कार्डालाच लावायची, बोर्डाच्या पोर्टला नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते बघा. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, जसं १२४००एफ, तर नाही. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटमधल्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. रायझन ७००० मालिकेत कामचलाऊ ग्राफिक्स असतं, पण ७५००एफ मध्ये नसतं. ७६०० वाल्यांना याचा मोठा फायदा: कार्ड काढून ठेवायचं, केबल बोर्डाला लावायची, डिस्प्ले आला तर शोध कार्डापुरता उरला. मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का, हे तपासायला दहा सेकंद लागतात.

मग रॅम. चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२. दुकानातून जोडून आलेल्या मशिनमध्येही पहिला-दुसरा असे शेजारचे स्लॉट भरलेले मी पाहिले आहेत. बहुतेक बोर्डांवर रॅमच्या तारा एका स्लॉटमधून पुढच्या स्लॉटकडे जातात. पहिला भरून दुसरा रिकामा ठेवला तर तारेचं मोकळं टोक लोंबकळत राहतं, संकेत तिथे आपटून परत येतो आणि डीडीआर५ च्या वेगाला ते सोसत नाही. स्टिक बसवताना दोन्ही टोकांवर सरळ दाब द्या, खटक्याचा आवाज यायला हवा. अनेक बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूला स्टिक जराशी वर राहिली तर नजरेला येत नाही. सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच आत गेली आहे का ते बाजूने बघा.

तरी डीरॅमचा दिवा हटत नसेल तर एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून बघा, मग दुसरी. आपल्याकडे रॅमच्या पट्ट्या खोडरबरने घासायची जुनी पद्धत आहे. जुन्या, काळपट पडलेल्या रॅमसाठी ती ठीक होती, नव्या रॅमला तिची गरज नाही, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवा त्रास. बोटाचे डाग लागलेत अशी शंका असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड फिरवा.

एक स्टिक ए स्लॉटमध्ये चालते, तीच बी स्लॉटमध्ये घातली की डिस्प्ले जातो, असं झालं तर रॅम बदलायला धावू नका. रॅमचे दोन्ही मार्ग सॉकेटमधून जातात. एएम५ च्या सॉकेटमध्ये १७१८ पिना आहेत, इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये १७००. त्यातली एक जरी वाकली किंवा तिच्यावर प्रोसेसर आणि कूलरमधल्या थर्मल पेस्टचा कण बसला, तरी रॅमचा एक अख्खा मार्ग बंद पडू शकतो. पण त्याहूनही आधी कूलरचे स्क्रू बघा. एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने सैल आवळलेला कूलर प्रोसेसरला तिरका दाबतो आणि पलीकडच्या पिना नीट टेकत नाहीत. सगळे स्क्रू सैल करून समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळा. नुसत्या एवढ्याने हरवलेली अर्धी रॅम परत आल्याची उदाहरणं आहेत. त्याने झालं नाही तरच प्रोसेसर काढायचा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने, तिरक्या उजेडात, सॉकेटचा फोटो काढून मोठा करून बघायचा. पिनांच्या ओळीत एखादा ठिपका वेगळा चमकला तर तिथे वाकलंय. एएम४ मध्ये उलटं असतं, तिथे १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात, आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. तिथे आधी मशिन थोडं तापवायचं, मग कूलर हळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवायचा.

सीपीयूचा दिवा लागून राहत असेल तर ८ पिनी कनेक्टरनंतरचा माझा पहिला संशय बायॉसवर असतो. बोर्ड कारखान्यातून निघतो तेव्हाचा बायॉस त्यानंतर आलेल्या प्रोसेसरला ओळखत नाही. २०२० मध्ये बी४५० आणि रायझन ५००० च्या बाबतीत हे झालं, २०२२ मध्ये बी६६० आणि तेराव्या पिढीच्या इंटेलबाबत, २०२४ मध्ये बी६५० आणि रायझन ९००० बाबत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत जुना माल शेल्फवर असतोच, त्यात कुणाची लबाडी नसते. खोक्यावर ‘या प्रोसेसरसाठी तयार’ अशी चिठ्ठी आहे का बघा आणि बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या प्रोसेसरपुढे कुठली बायॉस आवृत्ती लागते ते शोधा.

बोर्डावर ‘बायॉस फ्लॅशबॅक’ किंवा तत्सम बटण असेल तर प्रोसेसर चालत नसतानाही बायॉस बदलता येतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइल उलगडून कंपनीने सांगितलेल्या नावाने त्यात ठेवायची, ठरावीक खूण असलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा आणि बटण काही सेकंद दाबून धरायचं. दिवा लुकलुकू लागतो, काही मिनिटांनी थांबतो. लगेच विझला किंवा न लुकलुकता स्थिर राहिला तर फाइलचं नाव, पोर्ट किंवा पेन ड्राइव्ह यांपैकी काहीतरी पटलेलं नाही. हे चालू असताना वीज जाणं परवडत नाही. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या गावी असाल तर यूपीएसवर करा, यूपीएस नसेल तर दुकानदाराकडून करून घ्या.

व्हीजीएच्या दिव्याबद्दल फार लिहायला नको. कार्ड स्लॉटमध्ये खटका बसेपर्यंत गेलंय का, कॅबिनेटची पट्टी त्याला उचलून तर धरत नाही ना, आणि कार्डाची पॉवर केबल लावली का. कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट बोर्डात लावा. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची रायझर आणि चौथ्या पिढीचं कार्ड ही जोडी डिस्प्ले न देण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. बायॉसमध्ये स्लॉट ‘जेन ३’ वर नेला की चालते.

इतकं करूनही उलगडा होत नसेल तर मशिन किमान भागांवर आणा: बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस. एसएसडी, यूएसबीची सगळी उपकरणं, आरजीबीचे कंट्रोलर, पुढच्या यूएसबीच्या तारा काढून ठेवा. वायफायचा एखादा डोंगल किंवा जुना कीबोर्डही मशिन अडवून धरतो. बायॉसची सेटिंग पुसण्यासाठी प्लग काढून, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून, सीआर२०३२ हा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा. मग एकेक भाग वाढवत जा. एका वेळी एकच, नाहीतर कशामुळे चाललं ते कळणार नाही आणि आठवड्याने तेच पुन्हा होईल.

चालतो, पण दर वेळी नाही

सकाळी पहिल्यांदा सुरू होत नाही, दुसऱ्यांदा बटण दाबलं की होतो. किंवा चार दिवस छान चालतो आणि पाचव्या दिवशी काळा पडदा. नव्या मशिनमधला हा सर्वात चिवट दोष, कारण दुकानात नेलं की तिथे व्यवस्थित चालतं.

आधी रॅमचा वेग कमी करा. खोक्यावर ६००० लिहिलंय म्हणून तो वेग हमखास मिळायला हवा, असं वाटणं साहजिक आहे. पण एएमडीच्या हिशेबात रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिकवर ५२०० आहे, आणि चारही स्लॉट भरले तर फक्त ३६००. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंग. बायॉसमधलं एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरचा वेग देणारी सेटिंग, चालू करणं म्हणजे तेच. बरेचदा ते सुखाने चालतं, पण गारठलेल्या मशिनवर काठावरची सेटिंग घसरते. एक्स्पो बंद करून काही दिवस वापरा. तक्रार गेली तर दोषाची जागा सापडली. मग बायॉस अपडेट करून एक्स्पो पुन्हा लावा, तरी जमलं नाही तर ५६०० वर समाधान माना. रोजच्या वापरात फरक जाणवणार नाही. दोनच्या जागी चार स्टिक घ्यायचा मोह टाळा, ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन.

दर वेळी सुरू होतो, पण आधी मिनिटभर काळा पडदा असतो, अशी तक्रार असेल तर बायॉसमधलं ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ बघा. ते चालू असलं की मशिन आधीच्या ट्रेनिंगचे आकडे जपून ठेवतं आणि पटकन उठतं. बंद असेल तर दर वेळी ट्रेनिंग. चालू केल्यावर मशिन अधूनमधून कोसळायला लागलं तर मात्र बंद करा, रॅमची सेटिंग काठावर आहे असा त्याचा अर्थ. खातरजमा करायची तर रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एकही चूक दिसली तरी ती चूकच. ‘फक्त दोन एरर आल्या’ असं म्हणून सोडू नका.

मशिन गेम खेळताना किंवा जड कामात एकदम बंद होत असेल तर वाट वेगळी. सर्वात आधी कूलरच्या तळावरची पारदर्शक पट्टी काढली होती का ते आठवा. बायॉसमध्ये तापमान बघा: काही काम नसताना ते भराभर नव्वदीकडे जात असेल तर पट्टी राहिली आहे, कूलर टेकलेला नाही, किंवा लिक्विड कूलरचा पंप जोडलेला नाही. तापमान ठीक असेल तर पॉवर. कार्डाला दोन ८ पिनी जागा असतील तर एकाच केबलची दोन टोकं न लावता एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. १६ पिनी नवा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत गेलाच पाहिजे, अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळतो.

यूपीएसलाही सोडू नका. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. ऑफिसचं मशिन त्यावर चालतं, ग्राफिक्स कार्डवालं नाही. गेम सुरू झाला की यूपीएस किंचाळतो आणि सगळं बंद. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतो, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या काही एसएमपीएसना ती चालत नाही. मशिन थेट भिंतीच्या पॉइंटवर चालवून बघा.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर तो ‘थोडासा करंट’ दुर्लक्ष करण्याजोगा नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांची गळती अर्थच्या तारेतून जमिनीत जायला हवी. जुन्या वाड्यांत, चाळींत तिसऱ्या पिनेच्या मागे तारच नसते. मग कॅबिनेटवर मेनच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा ताण तरंगत राहतो आणि टेस्टर लावला की पेटतो. त्यामुळे यूएसबी उपकरणं तुटून जोडली जाणं, हेडफोनमध्ये घरघर, अकारण रीस्टार्ट हे सगळं होऊ शकतं. एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड झाला तर जीवावर बेतेल. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. हा खर्च नव्या कार्डाच्या आधी करण्याजोगा आहे.

बायॉस दिसतो, विंडोज येत नाही

इथे पोचलात म्हणजे मशिन धडधाकट आहे. बायॉसमध्ये एसएसडीचं नाव दिसत नसेल तर ती स्लॉटमध्ये पूर्ण आत सरकवून स्क्रू लावलाय का बघा, आणि एम.२ आकाराची पण साटा प्रकारची एसएसडी फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये तर घातली नाही ना. बायॉसमध्ये दिसते पण विंडोज इन्स्टॉल करताना यादी रिकामी, असं इंटेलच्या अकराव्या आणि त्यापुढच्या पिढ्यांवर होतं. बायॉसमधलं व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) बंद करा किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवून तिथेच ‘लोड ड्रायव्हर’ द्या. जुन्या मशिनमधली डिस्क तशीच आणून लावली असेल आणि बूट होत नसेल तर ती बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे आणि नवा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीवर चालतो. डेटा दुसरीकडे उतरवून कोरी सुरुवात करणं सर्वात कमी त्रासाचं.

भाग परत करायची वेळ आली तर

दोष कुठल्या भागात आहे हे दुसऱ्या चालू मशिनमध्ये तो भाग घालून पक्कं करा. ओळखीत कुणाकडे त्याच सॉकेटचं मशिन असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. नसेल तर तपासणीचे पैसे घेऊन हे करून देणारे दुकानदार असतात, आणि ते पैसे द्यावेत. दुकानात जाताना जीएसटीचं बिल, सिरियल नंबर असलेलं खोकं आणि लागून राहिलेल्या दिव्याचा व्हिडिओ बरोबर ठेवा. तक्रार सांगताना काय काय बदलून बघितलं तेही क्रमाने सांगा, म्हणजे तुमच्यासमोर रॅम काढून घालण्यात वेळ जाणार नाही.

बोर्ड द्यायचा असेल तर प्रोसेसर काढल्या काढल्या सॉकेटचा स्पष्ट फोटो काढा, पिना सरळ असल्याचा पुरावा तुमच्याकडे असू द्या. आणि खोलताना निघालेलं सॉकेटचं काळं प्लॅस्टिकचं झाकण परत बसवा. ते नसेल तर वॉरंटीत बोर्ड स्वीकारला जाणार नाही, असं अनेक बोर्डांच्या मॅन्युअलमध्येच छापलेलं असतं. म्हणून मशिन पहिल्यांदा जोडताना ते झाकण खोक्यात, बिलाशेजारी ठेवून द्या.